शेअर्ड फोल्डरमधल्या प्रॉक्सी: प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५

प्रकल्प: सांगलीच्या एका हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचं बिलिंग. सिम्फनी ५.४ (पीएचपीची फ्रेमवर्क), डॉक्ट्रिन ओआरएम २.१३ (डेटाबेसमधल्या रांगा पीएचपीच्या ऑब्जेक्टमध्ये आणून देणारी लायब्ररी), पीएचपी ८.१, मायएसक्यूएल. उबुंटू २२.०४ चा एकच सर्व्हर. काम करणारे आम्ही दोघं, मी आणि एक ज्युनियर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीआधीचा शेवटचा डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं. मंगळवारी लक्ष्मीपूजन, त्यानंतर आठवडाभर कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय.

बदल किरकोळ. बिल बी-टू-बी (जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला) की बी-टू-सी (बाकी ग्राहकांना) हे ठरवणारी अट चार ठिकाणी वेगवेगळी लिहिलेली होती. ती उचलून ग्राहकाच्या एंटिटीत (डेटाबेसमधल्या टेबलासाठीचा पीएचपी क्लास) एक मेथड केली: 'नोंदणीकृत आहे का'. आत एकच ओळ, जीएसटी नंबरची प्रॉपर्टी नल (रिकामी) नसेल तर हो. चारही ठिकाणी आता हीच मेथड. टेस्ट हिरव्या. संध्याकाळी साडेसहाला चढवलं, काउंटरवरून दोन बिलं करून पाहिली, बरोबर आली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ग्राहकाकडच्या अकाउंटंट काकांचा फोन. "अहो, जीएसटीआर-१ साठी एक्सेल काढलं, त्यात आपली नेहमीची गिऱ्हाइकं बी-टू-सीत आलीत. बिलावर नंबर छापलाय, मग असं कसं?"

जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, ते अकरा तारखेपर्यंत भरायचंय. बिल बी-टू-सीत गेलं तर खरेदीदाराला त्याच्या टू-बीमध्ये (जीएसटीआर-२बी, खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचं पत्रक) ते दिसत नाही, क्रेडिट अडकतं, आणि मग त्यांचे फोन काकांना आणि काकांचे मला. उलाढाल पाच कोटींच्या वर असती तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) बनवतानाच हे उघडं पडलं असतं. इथे तेही नाही. कराची रक्कम दोन्हीकडे तीच, त्यामुळे बेरजा जुळतात. बेरीज जुळली की कोण कशाला बघतंय.

पहिली शंका एक्सेलच्या क्वेरीवर. क्वेरी ठीक आहे. डेटाबेसमध्येच बिलाचा प्रकार चुकीचा पडलाय. सगळी चुकीची बिलं १६ ऑक्टोबरनंतरची. म्हणजे चूक माझीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर हेच.

चुकीची बिलं ४३. सगळी 'ऑर्डरवरून बिल करा' या बटणातून आलेली. काउंटरवर ग्राहक निवडून केलेलं एकही बिल चुकलेलं नाही. ग्राहक तेच, जीएसटी नंबर तेच. एकाच व्यापाऱ्याची सकाळची दोन बिलं बघितली: काउंटरचं बी-टू-बी, ऑर्डरवरचं बी-टू-सी.

माझ्या लॅपटॉपवर काही केल्या येत नाही. ज्युनियरच्या मशीनवरही नाही. सर्व्हरवर मात्र दर वेळी.

मग सर्व्हरवरच लॉगची एक ओळ टाकली. प्रकार ठरवण्याच्या आधी ग्राहकाचं नाव आणि मेथडचं उत्तर लॉग करायचं. एफपीएम (ब्राउझरच्या विनंत्यांसाठी पीएचपी चालवणारी प्रोसेस) रिलोड केला, बटण दाबलं. उत्तर 'हो'. बिल बी-टू-बी. पुन्हा दाबलं, पुन्हा बरोबर. ओळ काढली, रिलोड केलं, पुन्हा चूक.

म्हणजे बघायला गेलं की बग लपतो. आता काहीतरी हाती लागतंय असं तेव्हा वाटलं, कारण नाव विचारल्याने जर फरक पडत असेल तर नाव विचारताना काय होतं हा प्रश्न उरतो. नाव विचारताना डेटाबेसमधून ग्राहक लोड होतो. आणि न विचारता?

रात्री नावाऐवजी फक्त आयडी लॉग केला. आयडी प्रॉक्सीजवळ (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी डॉक्ट्रिन उभा करतो तो बदली ऑब्जेक्ट) आधीच असतो, त्यासाठी लोड होत नाही. बग परत आला. सोबत क्लासचं नाव छापलं. ग्राहकाचा नाही, प्रॉक्सीचा क्लास: पुढे दोन अंडरस्कोर, सीजी, परत दोन अंडरस्कोर, मग आमच्या एंटिटीचं नाव.

पावणेबारा वाजलेत. बाकीचं उद्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं. ज्युनियरला समजावताना जसं सांगितलं तसंच इथे लिहून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी मलाच परत शोधत बसायला नको.

ऑर्डर लोड केली की डॉक्ट्रिन तिच्यासोबत ग्राहक आणत नाही. ऑर्डरच्या रांगेत ग्राहकाचा आयडी असतो तेवढ्यावर तो एक तोतया, म्हणजेच प्रॉक्सी, उभा करतो. हा तोतया म्हणजे आमच्या ग्राहकाच्या क्लासला एक्स्टेंड करणारा, डॉक्ट्रिनने स्वतः लिहिलेला पीएचपी क्लास. त्यात आमची प्रत्येक पब्लिक मेथड पुन्हा लिहिलेली असते: आधी 'लोड झालाय का बघ, नसेल तर डेटाबेसकडे जा', मग मूळ मेथडला हाक. म्हणून आपल्याला तोतया कळत नाही. नाव विचारलं की तो धावत जाऊन खरं नाव आणतो.

आता मेथड एंटिटीत नवी आहे आणि तोतया जुना आहे असं धरा. तोतयाला नवी मेथड माहीतच नाही. पीएचपी ती मूळ क्लासमधून सरळ चालवतं. मध्ये डेटाबेसकडे जायला सांगणारं कुणी नाही. जीएसटी नंबरची प्रॉपर्टी अजून रिकामी, तिची सुरुवातीची किंमत नल. 'नल नाही ना?' 'नल आहे.' मग नोंदणीकृत नाही. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही.

आधी नाव विचारलं असेल तर जुन्या तोतयालाही नावाची मेथड माहीत आहे, तो लोड होतो, सगळ्या प्रॉपर्टी भरतात आणि मग नवी मेथडही बरोबर उत्तर देते. म्हणून लॉगची ओळ टाकल्यावर बग गायब. काउंटरच्या फॉर्ममध्ये ग्राहक ड्रॉपडाउनमधून निवडताना खरा ऑब्जेक्ट लोड झालेला असतो, म्हणून तिथे कधीच नाही. पीडीएफमध्ये नंबर बरोबर छापला गेला, कारण नंबरचा गेटर (किंमत वाचून देणारी मेथड) जुना आहे.

मेथडच्या आत प्रॉपर्टी थेट वाचण्याऐवजी तोच गेटर वापरला असता तरी हे झालं नसतं. उलट त्या प्रॉपर्टीला '= नल' लिहिलंच नसतं, नुसती टाइप दिली असती, तर 'इनिशियलाइज व्हायच्या आधी वाचू नका' म्हणून पहिल्याच बिलाला बोंब झाली असती. मला दुसरं जास्त आवडलं असतं.

तोतया जुना का राहिला? सर्व्हरवर फाइल उघडली. तारीख १२ मार्च २०२४. ग्रेपने आत शोधलं: नंबरचा गेटर आहे, नवी मेथड नाही.

यामागे माझीच करामत आहे. आमच्याकडे प्रत्येक डिप्लॉयचं वेगळं रिलीज फोल्डर, सगळ्या रिलीजना सामाईक शेअर्ड फोल्डर आणि चालू रिलीजकडे बोट दाखवणारा करंट नावाचा सिमलिंक अशी नेहमीची रचना. सिम्फनी मुळात प्रॉक्सी त्या-त्या रिलीजच्या कॅशे फोल्डरमध्ये ठेवते, म्हणजे प्रत्येक रिलीजला कोरी पाटी. पण दीड वर्षापूर्वी 'प्रॉक्सी डिरेक्टरी रायटेबल हवी' अशी एरर आली होती. डिप्लॉय करणारा युजर वेगळा, एफपीएमचा वेगळा. घाईत होतो. प्रॉक्सीचं फोल्डर शेअर्डमध्ये हलवलं, दोघांनाही लिहायची परवानगी दिली, आणि आपोआप बनवण्याची सेटिंग 'फाइल नसेल तरच बनव' अशी केली. काम भागलं. कॉन्फिगच्या फाइलीत माझीच कॉमेंट अजून आहे: 'तात्पुरतं'.

आणि सिम्फनीचा कॅशे वॉर्मअप, म्हणजे लागणाऱ्या फाइली आधीच बनवून ठेवणं? तो दर डिप्लॉयला चालतो, मग त्याने नव्या प्रॉक्सी का नाही बनवल्या? त्याचा कोड वाचला. आपोआप बनवण्याची सेटिंग 'कधीच नाही' सोडून दुसरी काहीही असेल तर प्रॉक्सी वॉर्मर हे काम सोडून पुढे जातो: लागतील तेव्हा बनतीलच, मी कशाला बनवू? म्हणजे वॉर्मर म्हणाला गरज पडेल तेव्हा बनेल, आणि गरज पडली तेव्हा डॉक्ट्रिन म्हणालं फाइल तर आहे. दोघांच्या भांडणात नाही, समजूतदारपणात घर बुडालं.

लॅपटॉपवर डेव्ह मोड, तिथे प्रॉक्सी दर वेळी नव्याने लिहिल्या जातात. टेस्टमध्ये ग्राहक आम्ही 'न्यू' करून बनवतो, तोतयाचा संबंधच नाही. दोन्हीकडे हा बग दिसणं शक्य नव्हतं.

८ नोव्हेंबर, रात्री

दुरुस्ती सोपी वाटली. शेअर्डमधल्या प्रॉक्सीच्या सगळ्या फाइली उडवल्या. कन्सोलवरून एक छोटी कमांड लिहून ऑर्डर लोड केली, नवी मेथड विचारली: 'हो'. फाइल नव्याने बनली, आत नवी मेथडही दिसतेय. ब्राउझरमध्ये बटण दाबलं: बी-टू-सी.

पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

ऑपकॅश, म्हणजे कंपाइल केलेला पीएचपी कोड मेमरीत धरून ठेवणारी सोय. प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) फाइलीची तारीख तपासणं बंद ठेवलंय, वेगासाठी. एफपीएमच्या मेमरीत त्याच पाथवर जुना क्लास कंपाइल होऊन बसलाय. डिस्कवर फाइल गेली काय, नवी आली काय, त्याला पत्ता नाही. कन्सोलला ऑपकॅश लागू नाही, म्हणून तिथे खरं दिसलं. एफपीएम रिलोड केला, ब्राउझरमध्येही बरोबर.

खरं तर एका डिप्लॉयनंतर दुसऱ्यात फाइलींचे पाथच बदलतात, त्यामुळे ऑपकॅशचा त्रास होत नाही असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. शेअर्डचा पाथ बदलत नाही, हे सांगायचं राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

४३ बिलांचा प्रकार बदलला. आधी टेबलाची प्रत काढून ठेवली. अट: १६ ऑक्टोबरनंतरचं, प्रकार बी-टू-सी, आणि ग्राहकाकडे जीएसटी नंबर. ४३ रांगा अपेक्षित, ४३ बदलल्या. बिलांच्या पीडीएफला हात लावला नाही, त्या बरोबरच होत्या.

काकांना नवं एक्सेल पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल एका ओळीत अंगठा पाठवला. रविवार होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिटर्न भरलं. काकांचा फोन, या वेळी वेगळ्याच कामासाठी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रचना बदलली.

प्रॉक्सी परत रिलीजच्या कॅशे फोल्डरमध्ये. आपोआप बनवणं 'कधीच नाही'. वॉर्मअप नव्या रिलीजच्या फोल्डरमध्ये, सिमलिंक हलवण्याच्या आधी. एफपीएमला प्रॉक्सी फक्त वाचायच्यात, लिहायच्या नाहीत, त्यामुळे मूळ परवानगीचं भांडणच मिटलं. कॅशेतल्या ज्या बाकी जागी एफपीएमला लिहावं लागतं तिथे एसीएल (युजरनिहाय परवानग्या) लावलं. हे तेव्हाच केलं असतं तर वीस मिनिटांचं काम होतं.

ज्युनियरने विचारलं, 'कधीच नाही' ठेवल्यावर फाइल नसेल तर? मग फेटल एरर, पान पडेल. त्याला ते भयंकर वाटलं. मला नाही. पान पडलं की पाच मिनिटांत फोन येतो. चुकीच्या बिलाचा फोन यायला तीन आठवडे लागले.

'इव्हॅल' मोडबद्दलही त्याने विचारलं, फाइलच नको म्हणून. प्रॉक्सी प्रत्येक रिक्वेस्टला मेमरीत नव्याने तयार होतात आणि ऑपकॅशमध्ये जात नाहीत. डेव्हसाठी ठीक, बिलिंगच्या काउंटरसाठी नको.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्येही एक जागा दुरुस्त केली. तो पीएचपीला करंट हा सिमलिंकचाच पाथ देत होता. आता खरा, सोडवलेला पाथ देतो. नाहीतर पीएचपीची रिअलपाथ कॅशे मुळात १२० सेकंद जुना पत्ता धरून बसते, आणि तेवढ्या वेळात अर्धं नवीन अर्धं जुनं असं काहीही लोड होऊ शकतं.

वॉर्मअपनंतर प्रॉक्सीच्या फाइली मोजायची एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. पहिल्याच वेळी डॉक्ट्रिनला माहीत असलेले क्लास ३१, फाइली २९. छातीत धस्स. मग लक्षात आलं, दोन मॅप्ड सुपरक्लास (इतर एंटिटींचे सामाईक पाया-क्लास) आहेत, त्यांचे ऑब्जेक्ट बनतच नाहीत, मग तोतये कशाला बनतील. मोजणी दुरुस्त केली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रात्रीची बिलं ईमेल करणारा वर्कर (पडद्यामागे सतत चालणारी प्रोसेस) मध्यरात्री मेला. सिस्टमडीने (सर्व्हरवरच्या अशा प्रोसेस सांभाळणारा) लगेच उठवला, पण ज्या मेसेजवर (रांगेतल्या कामावर) तो मेला तो मेसेज तासाभराने परत उचलला गेला. सिम्फनीचा मेसेंजर (कामांची रांग सांभाळणारा भाग) डॉक्ट्रिन टेबलातली अडकलेली नोंद ३६०० सेकंद तशीच धरून ठेवतो, म्हणून. एका व्यापाऱ्याला बिल तासभर उशिरा मिळालं, एवढंच. कुणाची तक्रार नाही. तरी कारण शोधलं, कारण एररमध्ये 'प्रॉक्सी' शब्द होता.

वर्कर सुरू झाला १४ तारखेच्या रिलीजमधून. मधल्या सहा दिवसांत आम्ही सहा वेळा डिप्लॉय केलं. स्क्रिप्ट शेवटचे पाच रिलीज ठेवते, जुने पुसते. वर्कर ज्या जमिनीवर उभा होता ती काढून घेतली. प्रॉक्सी गरज लागेल तशा लोड होतात. ट्रान्सपोर्टरचा तोतया त्याला त्या रात्री पहिल्यांदा लागला, आणि फाइल कुठे? गेली. आधी प्रॉक्सी शेअर्डमध्ये होत्या म्हणून अशा जुन्या वर्करलाही त्या सापडायच्या. म्हणजे माझ्या जुन्या चुकीने ही दुसरी चूक झाकली होती.

पण डिप्लॉयनंतर वर्कर थांबवण्याची कमांड स्क्रिप्टमध्ये आहे! ती चालते, 'सिग्नल पाठवला' असं छापतेही. तो सिग्नल अ‍ॅपच्या कॅशेत लिहिला जातो. आमचं अ‍ॅप कॅशे फाइलींवर, रिलीजच्या फोल्डरमध्ये. म्हणजे सिग्नल नव्या घराच्या दारावर चिकटवला, वर्कर जुन्या घरात.

रेडिस (मेमरीतला डेटा स्टोअर) बसवून कॅशे तिकडे न्यावं असं ज्युनियरचं म्हणणं. चूक नाही. पण एका सर्व्हरवर, एका वर्करसाठी, मी सरळ सिस्टमडीचा रीस्टार्ट स्क्रिप्टमध्ये घातला. टर्म सिग्नल मिळाला की वर्कर हातातला मेसेज संपवून थांबतो, तेवढं पुरे. शिवाय दर तासाला स्वतःहून थांबायची मर्यादा घातली. सिस्टमडी उठवतोच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डिप्लॉय अडला. वॉर्मअपमध्ये: 'फायनल क्लासची प्रॉक्सी बनवता येत नाही'. ज्युनियरने वाहनाच्या एंटिटीला 'फायनल' लावलं होतं, कुठल्या तरी लेखात चांगली सवय म्हणून वाचून. तोतया मूळ क्लासला एक्स्टेंड करतो, फायनलला एक्स्टेंड करता येत नाही. सिमलिंक हललाच नाही, काउंटरवर जुनं रिलीज चालू, कुणाला काही कळलं नाही. जुन्या रचनेत हे एखाद्या ऑर्डरवरून वाहन पहिल्यांदा उघडताना, ग्राहकासमोर कळलं असतं. किंवा जुनी फाइल शिल्लक असती तर त्या पानावर सरळ फेटल एरर.

फायनल काढलं, दहा मिनिटांत चढलं.

२ डिसेंबर, मंगळवार

पुढचं ठरवायला बसलो. पीएचपी ८.१ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबरपर्यंतच. उबुंटू स्वतःच्या पॅकेजला काही काळ सांभाळेल, पण हलायला हवं.

पीएचपी ८.४ मध्ये लेझी ऑब्जेक्ट (गरज पडेल तेव्हाच भरणारे) भाषेतच आलेत, आणि ओआरएम ३.४ पासून डॉक्ट्रिन ते वापरू शकतं. मग प्रॉक्सीची फाइलच नाही. फोल्डर नाही, परवानगी नाही, वॉर्मअपमध्ये मोजणी नाही. क्लासचं नाव विचारलं तर खरंच नाव येतं, सीजी वगैरे नाही. ज्युनियर म्हणाला, मग आपण महिनाभर हे सगळं नीट करत बसलो ते वाया?

तो बदल सोपा नाही. ओआरएम २ वरून ३ वर जाताना ॲनोटेशन (कॉमेंटमध्ये लिहिलेलं मॅपिंग) गेलीत, सगळे ३१ क्लास ॲट्रिब्यूटवर (त्यासाठीची पीएचपीची स्वतःची पद्धत) आणायचेत. सिम्फनीही वर न्यावी लागेल. मार्चअखेरीच्या गडबडीत हे करणार नाही. एप्रिलमध्ये, नवीन आर्थिक वर्षाच्या बिलांची मालिका सुरू झाली की.

तोवर एक टेस्ट वाढवली: एक ऑर्डर खऱ्या डेटाबेसमध्ये सेव्ह करायची, एंटिटी मॅनेजर रिकामा करायचा, ऑर्डर पुन्हा लोड करायची, आणि ग्राहकाला पहिलाच प्रश्न नव्या मेथडने विचारायचा. टेस्टचं नाव ज्युनियरने ठेवलंय: 'काकांचा फोन'. मी बदललं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

शेअर्डमधलं जुनं प्रॉक्सी फोल्डर अजून तिथेच होतं, २९ फाइली. कुणी वाचत नाही याची दोनदा खात्री करून उडवलं. कॉन्फिगमधली 'तात्पुरतं' ही कॉमेंटही.